अंगणातली बंडी

आमच्या घरात माणसं तीन, आणि त्यातलं एक दिवाळी झाली की नाहीसं व्हायचं. बाबा नाटक मंडळीत पेटी वाजवत. लवकर पिकणारं हलकं धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात ती थेट होळीपर्यंत, आणि तेवढे महिने बाबांचा मुक्काम आज या गावाला, उद्या त्या गावाला. निघताना ते पेटी मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचे, वरून सुतळी बांधायचे. कोपऱ्यात जिथं ती वर्षभर ठेवलेली असे, तिथली सारवलेली जमीन जरा वेगळ्या रंगाची दिसायची. त्या चौकोनावर मी पाटी घेऊन बसत असे. पेटी गेली की घरातला आवाज जायचा. माय मुळातच कमी बोलणारी. दिवेलागणीला ती फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन सांधायला बसायची. सुताची गुंडी जमिनीवरून घरंगळायची, तलावाकडून पाणकोंबड्या ओरडायच्या, आणि बाकी काही नाही. एकुलत्या एक लेकीचं लाडाचं बालपण म्हणून लोक काय काय लिहितात. मला मात्र पुष्कळदा वाटायचं की घरात निदान भांडायला तरी कोणी हवं होतं.

माय उजाडायच्या आत तलावावर जायची. मोठी मरळ सापडली तर ती बाजाराची. आमच्या ताटात यायचे ते बोटाएवढे काटेरी मासे, भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. दिवाळीच्या सुमारास शिंगाडे तयार होत. आम्ही दोघी डोंग्यात बसून वेल उलटे करत ते तोडायचो, काटे बोटांत जायचे, हात दिवसभर पाण्यानं पांढरेफटक. संध्याकाळी मोठ्या मडक्यात ते उकडायला लावले की चिखलाचा आणि पिठाचा मिळून एक गोडसर वास घरभर भरायचा. तो वास आला की समजायचं, मंडई जवळ आली.

मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. प्रत्येक गावाचा वार ठरलेला, कोणाचा सोमवार, कोणाचा मंगळवार, म्हणजे पाहुण्यांना आठवडाभर गावं फिरता यावीत. दुपारी दंडार नाचायची, सूर्य मावळला की नाटकाच्या मांडवाकडे पोती-गोधड्या घेऊन जागा धरायला धावपळ. भाऊबीजेला न आलेला भाऊ मंडईला हमखास येतो, लेकी येतात, सोयरिकी बोलल्या जातात, घरोघर उडदाचे वडे तळले जातात. कोणाकडे किती पाहुणे हे मोजायची गावाची सोपी रीत होती, दारात बैलबंड्या किती सुटल्या ते पाहायचं. आमचं अंगण मोठं, तलावाला लागून, आणि घरात गुरं नाहीत. तेव्हा शेजारच्या तिन्ही घरांच्या पाहुण्यांच्या बंड्या आमच्याच अंगणात सुटायच्या. बाहेरच्या माणसाला वाटावं, गावात सगळ्यात मोठा गोतावळा यांचाच. माणसं उतरून हसत-बोलत शेजारी निघून जायची आणि बैल आमच्याकडे राहायचे. माय त्यांना पाणी दाखवायची, कारण तहानलेलं जनावर तिला बघवत नसे. चारा ज्याचा त्यानं आणलेला असायचा. मी दारात बसून ते बैल मोजायची आणि मग आत येऊन आमच्या दोघींचं जेवण जेवायची.

आमच्याकडे कोणी का येत नाही हे मला कोणी सरळ सांगितलं नव्हतं. शेजारणींच्या बोलण्यातून तुकडे वेचून मी ते जुळवलं. मायला एकच भाऊ, डोमाजीमामा, नदीपलीकडच्या गावात, आमच्यापासून दोन कोसांवर. आईबाप लवकर गेले, मामानंच तिला वाढवलं. त्यानं तिच्यासाठी चांगलं खातंपितं घर पाहून ठेवलं होतं, आणि ही बाई पेटी वाजवणाऱ्यावर अडून बसली. 'नाटक्याच्या घरचं पाणी मी पिणार नाई,' असं मामा भर मांडवात म्हणाला म्हणे. त्यात गंमत अशी की मामा स्वतः नाटकाचा वेडा. हंगामात तो एक गाव सोडायचा नाही, फक्त आमचं सोडून. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. माय त्याचं नाव काढत नसे. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी ती ताट करायची आणि अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ जिवंत असताना चंद्राला ओवाळणारी बाई मी ती एकच पाहिली.

आता हे सगळं आठवायचं कारण, परवा फोनवर यादी आली. 'या आठवड्यातली नाटकं आणि दंडारी', गावाचं नाव, वार, मंडळीचं नाव, नटीचा रंगवलेला फोटो. मी इथं भद्रावतीत दोन खोल्यांत राहते. कारखान्यातली माणसं पाळी सुटल्यावर मोटारसायकलींवर दारावरून जातात, त्या आवाजावर मी घड्याळ लावते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लांब आहे आणि रविवारी बोलते. अशा घरात फोन वाजला की बरं वाटतं, मग तो यादीचा का असेना. यादीत आमचं गाव होतं. त्याचं नाव वाचलं आणि गणपतभाऊंचा भोंगा कानात सुरू झाला.

गणपतभाऊ म्हणजे आमच्या गावचे पेंटर. नाटकाचे पडदे रंगवायचे, बोर्ड लिहायचे, आणि मंडई आठ दिवसांवर आली की बंडीवर भोंगा बांधून, बॅटरी ठेवून आसपासची गावं पालथी घालायचे. या आठवड्यात कुठं काय आहे ते सगळं त्यांच्या तोंडून मुलखाला कळायचं. आपल्या गावात मात्र ते भोंगा लावत नसत. घरच्यांसमोर काय ओरडायचं, म्हणायचे. आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. नजर मात्र कमी झाली होती. स्वतःचं अक्षर त्यांना लागायचं नाही, चष्म्याचा त्यांना राग. माझं अक्षर मोठं आणि गोल. म्हणून त्या वर्षी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कागद पुढे टाकला.

"लिही पोरी. रसिक माय-बापहो. मोठ्यानं लिही."

"मोठ्यानं कसं लिहू?"

"मोठं लिही म्हणतो. तुह्या बाबासारखी उलटं बोलू नको."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सोमवारी कुठं दंडार, बुधवारी कुठं नाटक, कोणत्या मंडळीत कोण गाणार. नाटकांची नावं सगळी सारखीच वाटायची. एकात कुंकू असलं की दुसऱ्यात बहीण असायचीच. आमच्या गावच्या नाटकात बहीण होती. भावानं टाकलेली बहीण आणि शेवटी रडत धावत येणारा भाऊ, आणि पेटीवर बाबा. शेवटी नेहमीच्या सूचना: लहान लेकरांना सांभाळावं, मांडवात विडी ओढू नये, पाहुण्यांनी बैलांचा चारा सोबत आणावा. गणपतभाऊ चुना आणायला आत गेले. कागदावर खाली दोन ओळींची जागा उरली होती. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. त्याच मोठ्या गोल अक्षरात मी लिहिलं, 'नदीपल्याडचे डोमाजीभाऊ, तुमची बहीण पार्वता तुमची वाट पाहून राहिली आहे. मंडईले अवश्य यावे.' आणि कागदाची घडी करून ठेवली.

गणपतभाऊंची सवय मला ठाऊक होती. ते कागद वाचायचे नाहीत, गायचे. एका श्वासात वरून खालपर्यंत सूर लावत जायचे, काय म्हटलं ते त्यांनाही नंतर आठवायचं नाही. तसंच झालं. मामाच्या गावात चौकात बंडी उभी करून त्यांनी पूर्ण कागद गायला, विडीची सूचना ज्या सुरात, त्याच सुरात माझ्या मायची हाक.

यात चूक काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे मंडईचं बोलावणं घरी जाऊन करतात. कोणीतरी पायी जातं, ओसरीवर बसतं, तांब्याभर पाणी पितं आणि सांगतं, 'मंडईले या.' तेव्हाच ते बोलावणं. भोंगा ओरडतो तो सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांना बोलावलं म्हणजे कोणालाच बोलावलं नाही. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. पण आमच्या घरून नदीपलीकडे जाणार कोण होतं? माय जाणार नव्हती, बाबांनी जाऊन उपयोग नव्हता, आणि मला नदी ओलांडून एकटीला कोणी सोडलं नसतं. मला वाटलं, हाक ती हाक.

ते आठ दिवस मी जागच्या जागी फिरत होते. मायला काही सांगायची सोय नव्हती. मायनं मात्र त्या वर्षी अंगण दोनदा सारवलं. उडीद भिजवले ते दोघींच्या मानानं कितीतरी जास्त. एक मरळ बाजारात न नेता मडक्यात पाण्यात जिवंत ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा येतीन न घरी. नाटक आपल्याच गावात आहे." ते खरंही होतं, आणि मी जास्त खोलात गेले नाही.

मंडईच्या दिवशी दुपारपासून बंड्या येऊ लागल्या. माय रस्त्यावर शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली, मी अंगणात. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे मी पाहायची. मायसारखं नाक, मायसारखं कपाळ कुठं दिसतं का शोधायची, आणि प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरून शेजारच्या दाराकडे जायचा. दंडारीचा ढोल वाजत होता. अंधार पडायच्या सुमाराला अंगण भरलं. मायनं वडे तळले. आम्ही दोघींनी बराच वेळ जेवायला घेतलं नाही. ती म्हणाली भूक नाही, मी म्हटलं मलाही नाही. मग वडे गार झाले तेव्हा जेवलो. नाटकाला गेलो तेव्हा भावाच्या प्रवेशाला सारा मांडव हुंदके देत होता, आणि मायच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. अर्ध्यावर ती मला घेऊन घरी आली.

आमच्याकडे थंडीत गोधडीखाली धानाची तणस पसरतात, ऊब धरते. मी जागी झाले ते पाठीला गार जमीन लागली म्हणून. माझ्या खालची तणस नव्हती. मायच्या जागेवरचीही नव्हती. दार अर्धवट उघडं, बाहेर नुकतं उजाडत होतं आणि तलावावर धूर धरल्यासारखं धुकं. अंगणात एका कडेला, इतरांपासून थोडी बाजूला, एक बंडी उभी होती. तिचे दोन बैल, एकाचं शिंग वाकडं, आमच्या अंथरुणाची तणस सावकाश खात होते.

तलावावरून एक माणूस पंच्यानं तोंड पुसत आला. डोळे लाल, रात्रभर रडलेले. नाक मायचं. तो बैलांशी थांबला, तणशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू पार्वताची का?"

मी मान हलवली.

"भोंग्यावर माह्यं नाव तिनंच टाकाले लावलं?"

इथं खरं सांगता आलं असतं. मी पुन्हा मान हलवली. ती दुसरी मान मला आयुष्यभर पुरली.

"गावात चहाच्या टपरीवर बसणं मुश्कील झालं मले," तो म्हणाला. "लेकरं मांगं लागते, डोमाजीभाऊ, मंडईले अवश्य यावे. म्हातारेबी हासते."

"घरात या न मामा."

"कोणं बोलावलं?"

"भोंग्यावर..."

"भोंग्यानं तं साऱ्या मुलखाले बोलावलं. मले कोणं बोलावलं?" त्याचा आवाज चढला नव्हता. त्यानं जू उचलून बैलांच्या मानेवर ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. दोऱ्या दोनदा सोडून बांधल्या. माझ्या लक्षात आलं की तो उशीर करतोय. मी दाराकडे पाहत होते आणि तोही पाहत होता. दार अर्धवट उघडं होतं तसंच राहिलं. शेवटी तो बंडीवर चढला.

"तुह्या मायले सांगजो," तो म्हणाला, "तोंडानं ये म्हण. येतो मी. एवढंच सांगजो."

मी आत आले. माय चुलीपुढे बसली होती, पाठ माझ्याकडे. चूल पेटलेली नव्हती.

"कोण होता?"

"कोणी नाई. बंडीवाला."

तिनं काड्या जवळ ओढल्या. मग म्हणाली, "चारा नाई आणला त्यानं. भोंग्यावर सांगतलं होतं तरीबी नाई आणला. आपल्या माणसाच्या घरी जाताना चारा कोण नेते?" आणि मग, चुलीत काड्या सरकवत, "आपणहून आला. माणूस नाई तं नाई, बैल तं आले पाव्हणे."

तिचा तो चेहरा मी आधी पाहिलेला नव्हता. अशा चेहऱ्यापुढे मी काय सांगणार होते? की तो आपणहून नाही आला, मी तुझ्या नावानं भोंग्यावर भीक मागितली, आणि गाव त्याला हसलं म्हणून तो आला? निरोप दिला असता तर बोलावण्याची गोष्ट निघाली असती, आणि तिच्या हातात जे एवढंसं आलं होतं तेही गेलं असतं. मी निरोप गिळला. दिवस वर आल्यावर बाबा जागरणानं तांबारलेले घरी आले, उघडी जमीन पाहून म्हणाले, "तणस कुठी गेली?" माय म्हणाली, "पाव्हण्यानं खाल्ली." बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि ते नुसत्या जमिनीवर झोपले. दुपारी आम्ही तिघांनी मरळ खाल्ली.

पुढच्या वर्षी गणपतभाऊंनी लिहायला दुसरं कोणी पाहिलं. त्यांच्या कानावर आलं होतं ते, पण त्यांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. मी मंडईला अंगणात बसले होते. दिवस मावळायला वाकड्या शिंगाचा बैल रस्त्यावर दिसला. मामा आला, त्याच जागेवर बंडी सोडली, आमच्या दाराकडे न पाहता नाटकाला गेला. बंडीत चाऱ्याची एक काडी नव्हती. या वेळी माय तयारीत होती. कापणीच्या मजुरीला गेली की येताना ती डोक्यावर तणशीचा भारा आणायची. ज्या घरात एक शेळी नाही त्या घरामागे तणशीचा ढीग, शेजारणी हसायच्या. तिनं बैलांना पाणी दाखवलं, तणस टाकली, वाकड्या शिंगाच्या कपाळावर हात फिरवला आणि बंडीत उकडलेल्या शिंगाड्यांचं गाठोडं ठेवलं. सकाळी बंडी गेली, गाठोडंही गेलं. त्या दोघांत एक शब्द नाही.

असं किती वर्षं चाललं ते मी मोजलेलं नाही. वाकडं शिंग गेलं, त्याच्या जागी पांढरा बैल आला. मी मोठी झाले, लग्न होऊन भद्रावतीला आले, आणि इतरांच्या लेकी येतात तशी मंडईला घरी जाऊ लागले. मग आमच्या दारात निदान एक पाहुणी तरी असायची. दर वर्षी मी ठरवायची, आज सांगते. दर वर्षी माय विचारायची, "पायजो बरं, आली का बंडी," आणि माझं तोंड बंद व्हायचं. बंडी यायचीच. निरोप दिला तर कदाचित मामा घरात येईल, कदाचित बंडीही यायची थांबेल. ज्याला नातं म्हणून तेवढंच मिळतं, तो ते पणाला लावत नाही. असं मी स्वतःला समजवायची, आणि वाटेत एस.टी.च्या खिडकीशी एकटी रडायची.

मग आमच्या गावापर्यंत डांबरी रस्ता झाला आणि एस.टी. सुरू झाली. त्या मंडईला माय सकाळपासून अंगणात होती. तणस काढून ठेवलेली, घमेल्यात पाणी. शेजारच्यांचे पाहुणे पिशव्या घेऊन थांब्यावरून चालत येत होते. अंगणात एकच बंडी सुटली, तीही शेजारच्यांच्या पाहुण्याची. दुपारी मामा आला. काठी टेकत, हातात पिशवी, एस.टी.तून उतरलेला. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यावर तो थांबला. तणशीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. सोडायला काही नव्हतं, बांधायला काही नव्हतं. रिकाम्या हाताच्या माणसाला त्या अंगणात यायला काही कारण नव्हतं. थोडा वेळ उभा राहून तो मांडवाकडे गेला. माय मला म्हणाली, "आता एस.टी.ले का चारू म्या?" आणि घमेल्यातलं पाणी तिनं तुळशीला घातलं.

त्यानंतर तो आला नाही. पुढल्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं. माय लग्नानंतर पहिल्यांदा नदी ओलांडून माहेरी गेली ती त्याच्या तेराव्याला.

बाबा गेल्यावर मी तिला इथं आणलं. शेवटच्या हिवाळ्यात ती खाटेवर पडून असायची, खिडकीतून मोटारसायकलींचे आवाज यायचे आणि ती विचारायची, नाटक सुटलं का? एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. म्हटलं, माय, एक निरोप द्यायचा राहिला आहे. किती वर्षांचा आहे. तिनं डोळे उघडले नाहीत.

"तोंडानं ये म्हण, येतो मी," ती म्हणाली. "तोच न?"

माझे हात थांबले.

"दाराआडच होती मी. भोंग्याचंबी मालूम होतं. बायकायनं आधीच सांगतलं होतं."

म्हणजे ते दोनदा सारवलेलं अंगण, ते उडीद, ती मडक्यातली मरळ. आणि इतकी वर्षं मी एकटीनं वाहिलेलं ओझं तिच्याही डोक्यावर होतं, त्याच घरात, हातभर अंतरावर. मला राग आला. आजारी माणसावर येऊ नये तेवढा आला.

"मंग काऊन नाई म्हटलंस? एक शब्द तं होता."

"म्हटलं असतं तं आला असता. बसला असता. मंग तुह्या बाबाच्या पेटीवरून बोलला असता, मीबी सोडलं नसतं त्याले. एकाच सालात सारं सरलं असतं. बैलायशी भांडण होत नाई, शेवंते."

मला वाटलं तिला झोप लागली. मी गोधडी ओढून दिली, उठले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पण म्हणायले पायजे होतं. एकडाव."

परवाची यादी मामाच्या मुलानं, वासुदेवनं पाठवली होती. तेराव्याला ओळख झाली तेव्हापासून तो दर हंगामात पाठवतो, त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना एकदम. दर वर्षी मी अंगठा पाठवते आणि मंडईच्या दिवशी घरी बसते. तो घरी ये म्हणत नाही, मी येऊ का म्हणत नाही. माझं चंद्राला ओवाळायचं राहिलं आहे एवढंच. या वेळी यादी वाचून मी खूप वेळ फोन मांडीवर ठेवून बसले. मग त्याला लावला.

"बोल बाई," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. तो जेवत होता, घास तोंडात होता.

"यादी आली तुझी."

"हो. आली असन. साऱ्यायले धाडली."

"ते समजलं रे. पण मले कोणं बोलावलं?"

तिकडे भांड्याचा आवाज झाला. त्याला काही कळलं नसावं. कोणीतरी त्याला भात वाढत होतं, तो थोडा घे म्हणाला, आणि मग तसाच, घास चावता चावता, फारसं लक्ष न देता माझ्याशी बोलला.

"ये न मंग, बाई. त्यात का सांगाचं राह्यते?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पाळी सुटेपर्यंत रडले.